किटलीचं झाकण

दातांच्या डॉक्टरांना जुन्या इंग्लिश चिनी मातीच्या भांड्यांचं वेड होतं आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे गणिताच्या बाईंना, त्या वेडाचा मनस्वी वैताग. पाहुणा आला की डॉक्टर एखादी बशी दिव्यासमोर धरत आणि म्हणत, "बघा, पलीकडची बोटं दिसतात." पाहुणे माना डोलवत. पुसापुशी मात्र बाईंच्या वाट्याला.

डॉक्टरांचा खरा जीव जांभळ्या फुलांच्या, सोनेरी कडेच्या एका किटलीवर. टेकडीवरच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा त्यांनी ती आणली होती. दोनशे वर्षांची, पण झाकण गायब.

"कवळी हरवलेलं तोंड," त्यांचा चुलतभाऊ दरवेळी चिडवायचा. तोही भांडी जमवायचा. डॉक्टर हसण्यावारी न्यायचे, बाईंना मात्र ते लागायचं. नवऱ्याला बोलायचं तर आपण बोलू, इतरांनी कशाला?

एका रविवारी बाई पडदे शिवायला टाकायला शिंपिणीकडे गेल्या. तिने टाचण्यांची वाटी पुढे ओढली. उथळ वाटी, दोऱ्याच्या रिकाम्या रिळात बसवलेली. बाईंची नजर तिच्या कडेवर गेली आणि पडद्यांचं बोलणं तसंच राहिलं. ती जांभळी फुलं त्यांना डोळे मिटूनही ओळखू आली असती.

"ही कुठून आणलीस गं?"

"टेबलाच्या खणात सापडली. टेबल त्या टेकडीवरच्या बंगल्यातलं ना. वाटीला खाली बोंडासारखी मूठ आहे, म्हणून रिळात खोचली."

"अगं, हे झाकण आहे. याची किटली आमच्याकडे आहे. देशील मला?"

"न्या की. पण किटली मला बघायचीय."

"मग आत्ताच चल."

शिंपिणीने शटर ओढलं.

घरी चुलतभाऊ आलेलाच होता. बाईंनी कपाट उघडलं, किटली टेबलावर ठेवली आणि झाकण नवऱ्याच्या हातात दिलं. डॉक्टरांनी ते किटलीवर टेकवलं. ते बसेना.

"दिसायला सारखं, पण दुसऱ्या किटलीचं," चुलतभाऊ म्हणाला. डॉक्टरांचा चेहरा पडला.

बाईंनी झाकण उलटं करून पाहिलं. कडेला छोटीशी जीभ होती. त्यांनी किटलीच्या तोंडात बोट फिरवलं. आतल्या बाजूला खाच लागली. जीभ खाचेत उतरवून त्यांनी झाकण हलकेच फिरवलं. टक् असा बारीक आवाज झाला. झाकणावरची वेल सरळ किटलीच्या पोटावर उतरली, मधे कुठे तुटली नाही.

बाईंनी चहा ओतावा तशी किटली कलती केली. झाकण जागचं हललं नाही.

चुलतभावाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, बराच वेळ पाहिलं. "वहिनी, मानलं तुम्हाला," एवढंच तो म्हणाला. डॉक्टरांनी, एरवी कुणाला हात लावू न देणाऱ्या माणसाने, किटली उचलून शिंपिणीच्या हातात दिली.

संध्याकाळभर ते ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन लावत राहिले. प्रत्येक फोन "आमच्या हिने" इथूनच सुरू होत होता आणि बाई शेजारी ऐटीत बसून त्यांच्या चुका दुरुस्त करत होत्या.