सरकारकडची किल्ली

प्रेबेन थोरूपची सगळी हयात ऑर्हुसच्या पोलिसांत गेली. निवृत्ती जवळ आली तशी त्याच्याकडे साक्षीदारांना दडवण्याचं काम आलं: नवं नाव, नवं घर आणि जुन्या आयुष्याचा मागमूस पुसून टाकायचा. हे काम त्याला आवडायचं. माणूस सुरक्षित झोपलाय, एवढं कळलं की त्याला स्वतःलाही झोप लागायची.

कुलूपबंद निरोपांवर बंदी आणायचं सरकारने ठरवलं, तेव्हा संसदेच्या समितीने प्रेबेनलाही बोलावलं. हे निरोप पाठवणारा आणि वाचणारा सोडून तिसऱ्या कोणालाच उघडता येत नाहीत, ते पोचवणाऱ्या कंपनीलाही नाही. एन्क्रिप्शन म्हणतात त्याला. प्रेबेन कोपनहेगनला गेला आणि त्याच्या मनात बरीच वर्षं सलत असलेली गोष्ट त्याने सांगून टाकली.

"एक माणूस शाळकरी मुलींना फशी पाडत होता," तो म्हणाला. "कंपनीकडे त्याचे निरोप मागितले, तर कंपनी म्हणते, आम्हालाच वाचता येत नाहीत. पुरावा नाही म्हणून तो सुटला. जाताना माझ्याकडे बघून हसला. ते हसू अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही."

कायदा मंजूर झाला. निरोप पोचवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या कुलपाची एक किल्ली सरकारकडे द्यायची, नाहीतर देशातून बाहेर पडायचं. काहींनी किल्ली दिली. काहींनी नकार दिला आणि त्यांची ॲप फोनमधल्या ॲपच्या दुकानातून नाहीशी झाली.

रविवारी त्याची मुलगी सिग्ने जेवायला आली. ती सॉफ्टवेअरमधली. राय धान्याच्या पावावर हेरिंग मासे मांडता मांडताच तिने सुरुवात केली.

"बाबा, चोर काय दुकानाची पाटी बघून ॲप घेतात असं वाटतं तुला? हे गणित आहे. गणितावर बंदी कशी घालणार तुम्ही?"

"गणितावर नाही. बदमाशांवर."

"बदमाश सीमेपलीकडून ॲप उतरवून घेतील. साधीसुधी माणसं तेवढी उघडी पडतील."

"पडू देत. लपवण्यासारखं काय आहे माझ्याकडे?"

सिग्नेने हातातला काटा खाली ठेवला. "तुझ्याकडे? अरे बाबा, तुझा धंदाच माणसं लपवायचा आहे!"

प्रेबेनला ते झोंबलं. "त्या मुलींच्या आयांना जाऊन सांग तुझं गणित," तो म्हणाला, आणि मग जेवण होईपर्यंत दोघं हवेबद्दल बोलत राहिले.

त्याच्याकडच्या साक्षीदारांत एक बाई होती; रिक्के हे तिचं नवं नाव. तिचा नवरा केंट एका मोटारसायकल टोळीतला. त्याने एकाला गोळी घातली ती तिच्या डोळ्यांदेखत, आणि ते तिने कोर्टात उभं राहून सांगितलं. केंट तुरुंगात गेला. त्याचे भाऊ बाहेर होते आणि तिला शोधत होते. प्रेबेनने तिला साम्सो बेटावर नेऊन ठेवलं. तिथे ती एका शेतावर बटाटे काढायचं, धुवायचं, पेट्यांत भरायचं काम करी. एक कुत्रा पाळला होता. जुन्या आयुष्यातलं एकच माणूस तिने सोडलं नव्हतं: रँडर्सला राहणारी तिची आई, आग्नेथे. दोघी कुलूपबंद ॲपवरून बोलायच्या. प्रेबेननेच ते बसवून दिलं होतं.

कायदा आला आणि प्रेबेनने तो पाळला. पोलिसानेच पाळला नाही तर कोण पाळणार? तो रँडर्सला गेला, म्हातारीच्या फोनवरून जुनं ॲप काढलं, किल्ली दिलेल्या कंपनीचं, परवान्याचं बसवलं. आग्नेथेने त्याला कॉफी पाजली, त्याच्या खांद्यावरून सगळं बघितलं आणि चकार शब्द काढला नाही. मग त्याने रिक्केला फोन केला.

"आता आईशी या नव्यावरूनच बोलायचं. जुनं बेकायदा आहे."

"बरं," रिक्के म्हणाली. एवढंच.

जूनमधल्या एका सकाळी त्याची वरिष्ठ, बेंटे, हिचा फोन आला. बेंटे कधी घाबरत नसे. आज तिने नाव सांगायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"प्रेबेन, किल्ली गेली."

"कसली किल्ली?"

"सरकारकडची. कोणीतरी उचलली आणि सगळं भांडार उघडलं. लोकांचे निरोप जाहीर टाकलेत. नाव लिहायचं की त्या माणसाचे सगळे निरोप समोर. कोणीही वाचावेत."

रिक्के हे नवं नाव बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. पण आग्नेथेचं? केंटच्या भावांनी तिच्या घरी जेवणं केली होती. आग्नेथे असं नाव टाकलं की लेकीने आईला लिहिलेला शब्द न् शब्द त्यांच्या हातात. बेट, शेत, बोट, सगळं.

"आग्नेथेचे निरोप वाचा," तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता!"

"ती जागा उघडतच नाहीये. सगळा देश तिथे लोटलाय. मिळाले की कळवते."

त्याने रिक्केला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग बेटावरच्या पोलिसाला तिच्या घरी पाठवलं. तो म्हणाला, दार उघडं आहे, घरात कोणी नाही, कुत्राही नाही.

बेटाकडची बोट सुटते त्या हौच्या धक्क्यापर्यंत गाडी कशी चालवली ते प्रेबेनला नंतर आठवेना. बोटीवर तो आत बसलाच नाही. कठड्याला धरून उभा राहिला आणि चढलेला प्रत्येक माणूस निरखत राहिला. चामड्याचं जाकीट घातलेला एक आडदांड माणूस दिसला तसा त्याचा हात कमरेकडे गेला. त्या माणसाने पिशवीतून बाळाची बाटली काढली. हे आपणच मागितलं होतं, हा विचार प्रेबेनच्या मनातून हटेना. इस्त्रीचा शर्ट घालून, लोकांसमोर बसून मागितलं होतं.

शेतावरचा मालक पेट्या रचत होता. "रिक्के?" तो शांतपणे म्हणाला. "पोहायला गेलीय. गरम होतंय ना. फोन इथेच व्हॅनमध्ये पडलाय, मघापासून बोंबलतोय."

प्रेबेन धावला. या वयात धावू नये इतका धावला. लाकडी धक्क्याच्या टोकाला, टॉवेल गुंडाळून, ओल्या केसांनी रिक्के बसली होती आणि कुत्रा तिचे पाय चाटत होता.

"प्रेबेन?" ती ताडकन उठली. "तुम्ही इथे कसे? आई बरी आहे ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली. मग धापा टाकत किल्लीचं सांगितलं. रिक्केचा चेहरा पांढरा पडला, पण क्षणभरच.

"आईला त्या ॲपवर काय काय लिहिलंस?" त्याने विचारलं. "सगळं आठव."

"हवामान. आईचा गुडघा. कुत्र्याला खरूज झाली होती, ती."

"बेटाचं नाव?"

"वेड लागलंय का मला?"

"बोट? शेत? एखादा फोटो?"

"नाही हो." ती खाली बघायला लागली. "खरं सांगू? रागावू नका. खरं बोलणं जुन्यावरच चालू आहे."

"जुनं मी स्वतः काढलं होतं!"

"तुम्ही जिना उतरत होता तोवर आईने तिच्याबरोबर पत्त्यांचा ब्रिज खेळणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला होता. त्या बाईंची भाची सीमेपलीकडे फ्लेन्सबोर्गला राहते. तिच्याकडून मागवून दोघींनी पुन्हा बसवलं. मला म्हणाली, नव्यावर रोज काहीतरी गुळमुळीत लिहीत जाऊ, नाहीतर त्या प्रेबेनला वाईट वाटेल."

"ब्रिजच्या टेबलावरच्या सगळ्याच जुनं वापरतात?"

"सगळ्या. त्यातल्या एकीचा नवरा न्यायाधीश होता."

प्रेबेन धक्क्याच्या फळ्यांवर बसला. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पोलीस ना! तुमची पंचाईत कशाला करू?" मग ती हळूच म्हणाली, "आणि तुम्हीच शिकवलंत, आपला पत्ता गरजेपेक्षा एकाही माणसाला जास्त कळू द्यायचा नाही. सरकार म्हणजे काय एक माणूस असतो?"

तेवढ्यात बेंटेचा फोन आला. "सगळे निरोप वाचून झाले," ती म्हणाली. "गुडघा आणि खरूज. दुसरं काही नाही. प्रेबेन, ऐकतोयस ना?"

तो ऐकत होता, आणि बाहीने डोळे पुसत होता. रिक्केने दुसरीकडे तोंड फिरवून कुत्र्याशी खेळल्यासारखं केलं.

सगळ्यांचंच इतकं सुखरूप निभावलं नाही. दुसऱ्या एका साक्षीदाराच्या बायकोने बहिणीला आपल्या नव्या गावाचं नाव लिहिलं होतं. त्या कुटुंबाला त्याच दिवशी घर सोडावं लागलं, मुलांना वर्गातून उठवून न्यावं लागलं. ती सगळी सुरक्षित पोचली, पण धाकटीने पुन्हा एकदा नवं नाव घ्यायला साफ नकार दिला. केंटचे भाऊ बेटाकडे फिरकलेही नाहीत. कायदा आधी थांबवला गेला, मग हिवाळ्यापूर्वी रद्द झाला. समितीने प्रेबेनला परत बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "तो हसणारा माणूस मला अजून पकडायचा आहे. पण त्याला पकडायला मी सगळ्यांच्या दारांच्या किल्ल्या मागितल्या, आणि ज्यांना मी लपवलं होतं तेच आधी उघडे पडले. त्याच्या मागे मी माझ्या पायांनी जाईन."

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी शेतमालकाच्या बायकोने नवे बटाटे उकडले, वर लोणी आणि शेपू घातला, आणि प्रेबेन अधाशासारखा जेवला. जेवताना त्याने सिग्नेला फोन केला. ती सकाळपासून त्याला शोधत होती.

"माझी साक्षीदार ठीक आहे," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे."

मी सांगितलं होतं, असं सिग्ने म्हणाली नाही. नुसता एक लांब श्वास ऐकू आला. "तू कसा आहेस बाबा?" तिने विचारलं.

परतीच्या बोटीला वेळ होता. रिक्के पुन्हा धक्क्याकडे निघाली. "चला," ती म्हणाली.

"माझ्याकडे पोहायचे कपडे नाहीत."

"इथे कोण बघतंय तुम्हाला?"

प्रेबेनने इकडे तिकडे बघितलं. खरंच कोणी नव्हतं. त्याने शर्ट काढला, पँट काढली, घड्या घालून फळ्यांवर ठेवली, आणि दुसरा विचार मनात यायच्या आत उडी मारली. पाणी बर्फासारखं होतं. तो वर आला तो शिव्या देतच आला, इतक्या मोठ्याने की धक्क्यावर कुत्रा भुंकायला लागला आणि रिक्के पोट धरून हसत खाली बसली.