मी, भिंगरीचा उजवा बूट

मित्रांनो, बूट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जोडी येते. मी त्या जोडीतला उजवा. डावा माझ्या शेजारीच खिळ्याला लटकलेला आहे. तो अजून बरा दिसतो, आणि मी कसा दिसतो ते तुम्ही पाहताच आहात. माझ्या नाकावर, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला, तपकिरी चामड्याचा तुकडा लावलेला आहे आणि तोही झिजत आला आहे. या सायकलच्या दुकानात येणारी माणसं मला पाहून विचारतात, हा अजून ठेवलाय कशाला? मी मनाला लावून घेत नाही. दुपारी दारातून तिरकं ऊन आत येतं, टांगलेल्या चाकांच्या सावल्या भिंतीवरून सरकत जातात आणि माझा डोळा लागतो. झोपेत मला गोल फिरणारा एक हात दिसतो. त्या हाताची आणि माझी गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला ज्या बाईंनी शिवलं त्या काम करताना सारख्या गुणगुणत असत. त्यामुळे माझी शिवण सरळ असली तरी स्वभाव तंद्रीत राहण्याचा झाला. डावा दुसऱ्या टेबलावर शिवला गेला. तिथे म्हणे फार शिस्त होती. तेव्हापासून तो जो नाकाने कांदे सोलतो आहे, तो आजतागायत.

आधी आम्ही भिंगरीच्या मामेबहिणीकडे गेलो. तिने आम्हाला मोजून चार वेळा घातलं असेल, तेवढ्यात तिचा पाय वाढला आणि आमची रवानगी पलंगाखाली झाली. तिथे एक हरवलेलं खोडरबर आणि एक केसांची पिन एवढीच सोबत होती. कुणी झाडू घेऊन आलं की वाटे, आता आपल्याला बाहेर काढतील. झाडू यायचा आणि जायचा. खोटं कशाला बोलू, त्या अंधारात मला फार वाईट वाटायचं. शेवटी एकदा मामींनी आम्हाला पिशवीत घालून भिंगरीच्या घरी पाठवलं.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून ती एका जागी उभी राहून हात गोल गोल फिरवायची, म्हणून हे नाव पडलं. एरवी ती अगदी अबोल. वर्गात उत्तर दिलं तर ते शेजारच्या बाकापर्यंतही पोहोचायचं नाही. शाळेच्या सॉफ्टबॉलच्या मॅडमनी तिचा तो फिरणारा हात पाहिला आणि तिला मैदानाच्या मधल्या वर्तुळात, पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, पांढऱ्या पट्टीवर नेऊन उभं केलं. तिथे ती चेंडू टाकेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागे. बॅटर थांबे, पंच थांबत, बाकावरच्या मुली गप्प होत. कुणी आपल्यासाठी थांबतं हे भिंगरीला तिथेच पहिल्यांदा कळलं. ती जागा तिला जिवापेक्षा प्यारी झाली.

मॅडम तरुणपणी कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या, होत्या. वाकल्या की त्यांचे गुडघे कटकट वाजत. त्यांनी भिंगरीला सगळं पहिल्यापासून शिकवलं. आधी दोन्ही पाय पट्टीला लावून, चेंडू दोन्ही हातांत धरून क्षणभर स्तब्ध उभं राहायचं. मग हात समोरून वर, कानाजवळून मागे आणि खाली, असा एकच पूर्ण फेरा घ्यायचा. डावा पाय पुढे टाकताना अंग दार उघडल्यासारखं कडेला वळवायचं. चेंडू कमरेपाशी आला की मनगट झटकायचं आणि दार लावून घ्यायचं. हात आवळून धरायचा नाही, सैल सोडायचा, म्हणजे वेग आपोआप येतो.

आणि उजवा पाय? मित्रांनो, तो मी. पट्टीवरून जोर घेतला की मी जमीन सोडायची नाही. नाक मातीला लावून, घासत, अंगामागून यायचं. मला मध्येच उचलून पुढे टेकवलं आणि तिथून दुसऱ्यांदा जोर घेतला तर तो चेंडू अवैध. मग पंच हात आडवा धरतात आणि बॅटरच्या नावावर फुकटचा एक ‘बॉल’, म्हणजे वाया गेलेला चेंडू, जमा होतो. असे चार बॉल झाले की ती आरामात चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जाते. माणसांना नाक घासायला लागलं तर अपमान वाटतो. माझं मात्र तेच काम होतं आणि ते मला मनापासून आवडायचं. हात वर जायचा, वारा नाडीच्या गाठीतून आत शिरायचा आणि मी मातीवरून सरकत जायचो. डोळे मिटून होडीत बसावं तसं ते सुख होतं. चेंडू कधी सुटला ते मला कळायचंही नाही. कॅचरच्या ग्लव्हमध्ये ‘थप्प’ असा आवाज झाला की मी जागा व्हायचो.

पण नाक घासायचं तर ते झिजणारच. एक दिवस मला भोक पडलं आणि त्यातून भिंगरीचा मोजा डोकावू लागला. तिच्या आईने ते पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. हे सायकल दुरुस्तीचं दुकान आईचंच. त्या दिवशी गिऱ्हाइकांची रांग होती, तरी तिने मला मांडीवर घेतलं. जुन्या टायरमधला चांगला जाड भाग शोधून कापला. कानशीने माझं नाक खरवडलं, सोल्युशन लावलं, फुंकर घालून वाळवलं, टायर बसवलं आणि पकडीत दाबून ठेवलं. जेवणाचा डबा तसाच राहिला. संध्याकाळी ती समाधानाने म्हणाली, आता बघू कसा झिजतो ते. मलाही त्या नव्या नाकाचा केवढा तोरा चढला होता. डाव्याकडे मी दिवसभर पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने हात फिरवला, डावा पाय पुढे टाकला आणि टायरने माती धरली. मी सरकलोच नाही. अंग पुढे, मी मागे. तोंडावर पडू नये म्हणून तिने मला झटकन उचललं, वीतभर पुढे टेकवलं आणि तिथून रेटा दिला. चेंडू पूर्वीपेक्षा जोरात गेला. कॅचर होती तिची मैत्रीण, गोल चेहऱ्याची, सगळ्या तिला बटण म्हणत. बटणने हात झटकत विचारलं, आज काय खाऊन आलीस? मुलींनी टाळ्या वाजवल्या. चुकीला टाळ्या मिळाल्या की ती चूक अंगात मुरते, आणि आमचं तेच झालं.

पुढच्या सामन्याला एक कडक पंच आले. पहिल्याच चेंडूला त्यांनी हात आडवा धरला. दुसऱ्यालाही. बॅटर एकामागून एक चालत बेसवर जाऊ लागल्या आणि समोरच्या संघाला पळावंसुद्धा लागलं नाही. सामना हातचा गेला. नंतर मॅडमनी भिंगरीला बाजूला घेतलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी साफ सांगितलं की पुढच्या सामन्यालाही हेच पंच आहेत. तोवर पाय सुधारला नाही, तर चेंडू दुसऱ्या मुलीकडे जाईल आणि भिंगरी मैदानाच्या पार टोकाला उभी राहील.

मग सुधारणा सुरू झाल्या. मॅडमनी पाऊल आखूड करून पाहिलं, गुडघा वाकवून पाहिला, हाताचा वेग कमी करून पाहिला. सवयीप्रमाणे त्या कॅचरच्या मागे बसून पाहत, आणि समोरून पाहिलं की मी डाव्या पायाआड लपलेला असे. त्यांना सगळं दिसलं, मी तेवढा दिसलो नाही. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण बुटाला जीभ असते, वाचा नसते.

घरी मात्र गंमत होती. दारात बूट काढायचा आईचा नियम, म्हणून भिंगरी घरातल्या बोळात नुसत्या मोज्यांवर सराव करायची. मोज्याचा बोळा करून भिंतीवर टाकायची. फरशीवरून तिचा पाय असा अलगद सरकत यायचा की मी दाराशी बसून स्वप्न पाहतोय असं वाटे. एका संध्याकाळी तीही थबकली. दाराशी आली, मला हातात घेतलं आणि टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिला कळलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! तेवढ्यात घराला लागून असलेल्या दुकानातून आईने विचारलं, तुकडा टिकलाय ना? भिंगरी म्हणाली, हो, मस्त टिकलाय. आणि तिने मला जिथल्या तिथे ठेवून दिलं.

त्यानंतर रोज ती मैदानावर जायची, रोज तिचा पाय अडायचा आणि रोज ती गप्प राहायची. सामन्याच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली आणि खाली मान घालून म्हणाली, की उद्यापासून मी चेंडू टाकणार नाही, मॅडमना तसं सांगणार आहे. आई चाकाच्या तारा ताणत होती. तिने पाना खाली ठेवला. दुकानामुळे तिला लेकीचा खेळ कधी पाहताच आला नव्हता. ती म्हणाली, सोडायचं तर सोड, पण मला एकदा टाकून दाखव.

दुकानामागे मातीची मोकळी जागा आहे. आईला चेंडूची भीती वाटत होती, म्हणून ती समोर न थांबता कडेला उभी राहिली. भिंगरीने हात फिरवला. मी अडलो, उचलला गेलो, आपटला गेलो. चेंडू भिंतीवर आदळून परत आला.

“थांब,” आई म्हणाली. “तुझ्या पायाला ब्रेक लागतोय.”

आई जवळ आली, खाली बसली आणि तिने माझं नाक चाचपलं.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, “त्या दिवशी तू जेवली नव्हतीस.”

आई तिथेच मातीत बसून राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. टायरचं कामच मुळी जमीन धरून ठेवायचं, ती म्हणाली, आणि तेच मी तुझ्या पायाला लावून बसले, वर शाबासकीही मागत होते. मग तिने लेकीला जवळ ओढलं. “माझ्या एका जेवणासाठी तू एवढी मोठी गोष्ट सोडायला निघालीस, वेडे? मी केलेलं चुकलं तर मला सांगायचं. मी दुसरं करीन.”

तिने पकडीने टायर उपटून काढलं. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. कोपऱ्यात एका मोडक्या सायकलची चामड्याची सीट पडली होती. वर्षानुवर्षं बसून बसून ती गुळगुळीत झाली होती. तिचा तुकडा कापून आईने माझ्या नाकावर बसवला. भिंगरी म्हणाली, हा लवकर झिजेल. आई म्हणाली, झिजू दे.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप होतं आणि आई मैदानाच्या कडेला बसली होती. पंच तेच. ते मुद्दाम भिंगरीच्या पायाकडे टक लावून पाहत होते. शेवटच्या डावात दोन्ही संघ बरोबरीत होते, तिन्ही बेस भरलेले होते आणि बॅटरचे तीन बॉल झाले होते. आता एक चेंडू अवैध ठरला असता तर चौथा बॉल होऊन सगळ्या एकेक बेस पुढे सरकल्या असत्या, समोरच्यांना फुकटची धाव मिळून सामनाही गेला असता आणि भिंगरीची जागाही. सगळे थांबले. तिने चेंडू दोन्ही हातांत धरला. हात वर गेला, अंग वळलं आणि मी निघालो. मातीवरून, घासत, सावकाश, न उठता, न अडता. किती दिवसांनी ते सुख मिळत होतं! मी पुन्हा त्या जुन्या झोपेत शिरलो आणि बटणच्या ग्लव्हमधल्या आवाजाने जागा झालो. पंचांचा आडवा हात काही आला नाही. त्यांनी उजवी मूठ वर केली. स्ट्राइक, म्हणजे चेंडू अचूक.

पुढच्या चेंडूवर बॅटरने उंच फटका मारला, आमच्या एका मुलीच्या हातून झेल सुटला आणि आम्ही सामना हरलो. खरं तेच सांगतो, मित्रांनो, गोड करून सांगत नाही. पण त्या दिवशी भिंगरीचा एकही चेंडू अवैध ठरला नाही. मॅडम गुडघे वाजवत वर्तुळापर्यंत चालत आल्या आणि पुढच्या सामन्याचा नवा कोरा चेंडू त्यांनी तिच्याच हातात ठेवला.

आता भिंगरीचा पाय माझ्यात मावत नाही. तिला नवे बूट आले आहेत आणि मी इथे चाकांच्या सावल्या पाहत डुलक्या घेतो. तुम्हाला एकच विनवणी आहे. आम्हाला पलंगाखाली टाकू नका. आमची माती झटका, भोक पडलं तर बुजवा. पण ठिगळ लावण्याआधी आमचं काम काय आहे ते विचारा, आणि त्या कामात आम्हाला खुशाल झिजू द्या. आणि कुणी मायेने तुमच्यासाठी काही केलं आणि तेच तुम्हाला अडू लागलं, तर गप्प राहू नका. माया करणाऱ्या माणसाला ते ऐकून वाईट वाटत नाही, न सांगितल्याचं वाटतं.

संध्याकाळी दुकान आवरताना आई रोज विचारते, कुठे अडतंय का गं? भिंगरी स्टुलावर बसते, नव्या बुटासकट पाय आईच्या मांडीवर ठेवते आणि अडत असेल तिथे बोट लावून दाखवते.