राणीच्या जोडीला एक्का

हिरवी दोरी, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वळ्यावळ्यांची, ऑरिनच्या शर्टाच्या बटणापासून निघून कॅसिनोतल्या पत्त्यांच्या यंत्रात खोचलेल्या सभासदकार्डापर्यंत गेलेली... तो पुढे वाकला की सैल पडायची, मागे रेलला की ताणायची, आणि दर वेळी मॅक्सीनला वाटायचं, आता तुटेल. तुटणार नव्हती. तिनंच निवडून मजबूत आणली होती, गेल्या महिन्यात तो कार्ड तिसऱ्यांदा यंत्रातच ठेवून घरी आला तेव्हा. विसरतात माणसं. पलीकडच्या यंत्रावरचा फाउस्टो एकदा कवळी विसरून गेला होता, त्याला कोणी काही म्हटलं नाही.

सोमवार होता, म्हणजे कार्डावर जमणारे गुण सहापट. यंत्रात शंभर डॉलर फिरवले की साडेनव्याण्णव परत येतात, तेही एकसुद्धा पान न चुकता खेळलं तर. राहिलेली तूट हे गुण भरून काढतात आणि वर जेवणाचं, पेट्रोलचं सुटतं. "कॅसिनोवाला आपल्याला पगार देतो, मॅक्सीन! कंजूष आहे, पण देतो," ऑरिन म्हणायचा. जलखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यानंच हे गणित सोडवलं, हेंडरसन गावातलं एकेक यंत्र तपासून ही दोन निवडली, आणि तिला शिकवलं. तिच्या पडद्याला तो तक्ता अजून टेकलेला असतो — कुठली पानं धरायची, कुठली टाकायची. ऑरिनला लागत नाही. तो चिडवतो, "काढलीस पोथी?"

आज त्यानं चिडवलं नव्हतं. का नव्हतं? पुरे, मॅक्सीन, कॉफी पी.

पण मान पुन्हा त्याच्याच पडद्याकडे वळली. हल्ली हे असंच. मी माझी पानं कमी बघते, त्याची जास्त. संध्याकाळी जॅनेलचा बॉयसीहून फोन येतो, "आई, बाबांना डॉक्टरकडे ने. गाडीच्या किल्ल्या काढून घे," आणि मी दर वेळी एकच सांगते, "अगं, सकाळभर पत्ते खेळतो माणूस, एक चूक नाही. डोकं चाललं नसतं तर जमलं असतं का?" तेवढ्यावर ती विषय बदलते. माझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं आहेच काय?

ऑरिनच्या पडद्यावर दोन राण्या आल्या, एक एक्का, आणि दोन फुटकळ पानं. साधा डाव. जोडी आली की फक्त जोडी धरायची आणि तीन पानं बदलायची. एक्का कितीही गोड दिसला तरी हाकलायचा, कारण तो धरला की नवं पान एक कमी येतं. त्यानं तिला शिकवलेला पहिला धडा. नवखे तिथेच चुकतात, तो हसायचा, त्यांना एक्का सोडवत नाही.

ऑरिननं राण्या धरल्या. मग बोट थबकलं... आणि एक्क्यावर टेकलं.

नको. ओठांवर आलेलं तिनं गिळलं. त्यानं बटण दाबलं, दोन पानं उलटली — राणी, आणि राणी.

"चार राण्या!" फाउस्टो खुर्चीवरून उठलाच. "म्हाताऱ्या, काय खाऊन आलास रे सकाळी?"

"डोकं लागतं, डोकं!" ऑरिन खदखदून हसला. "बघितलंस ना, मॅक्सीन?"

"बघितलं." तिनं कॉफीचा कप उचलला. "मस्तच."

हरला असता तर बरं झालं असतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण खरंच, हरला असता तर त्याच्याही लक्षात आलं असतं, तो स्वतःवर चिडला असता, आणि चिडलेला ऑरिन तिला ओळखीचा होता. हा खूश ऑरिन... आता जॅनेलला काय सांगू? जिंकला म्हणून सांगू? खोटं तर नाही ते.

तिनं आपल्या यंत्राचं बटण दाबलं. गुलामाची जोडी, आणि बाजूला एक्का. तक्ता समोरच होता. तिनं गुलाम धरले, मग एक्काही धरला — का, ते तिलाही सांगता आलं नसतं. ऑरिन त्याच्या चुकीत एकटा पडलाय असं काहीतरी वाटलं.

"अगं ए! एक्का कशाला धरलास?" ऑरिन दोरी ताणून तिच्या पडद्यावर झुकला होता. "जोडीबरोबर एक्का? वेड लागलं का तुला? इतकी वर्षं काय शिकवलं मी?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. जुनं, करडं, चिडलेलं तोंड. माझी चूक याला दिसते. मग स्वतःची...? मघाशी मुद्दाम केलं असेल का? गंमत म्हणून? विचारावं का? तरी तिला हसू फुटत होतं, आवरेना.

"चुकले बाई," ती म्हणाली. "पुन्हा सांग ना, का नाही धरायचा?"

आणि तो सांगू लागला, बोटांवर मोजून, अगदी पहिल्या दिवशीसारखं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पर्समध्ये फोन थरथरला. जॅनेल, आणि आज सकाळीच. मॅक्सीननं पर्स मांडीखाली सरकवली, दाबून धरली. ऑरिन बोलत होता. पगार गेला खड्ड्यात, तिच्या मनात आलं, पुढचा डावही मुद्दाम चुकवायचा... त्याच्या पुढचाही.