साटोरीला सोबत

साटोरी पुढचा पंजा चाटून चाटून लाल करायला लागली, म्हणून दिघे तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, "काका, हिला सोबत बघा. घरात दुसरं कुत्रं आलं तर हे कमी होईल."

वसंत दिघ्यांना मनातून आनंदच झाला, पण घरी येऊन बायकोला सांगताना त्यांनी चेहरा गंभीर ठेवला.

साटोरी सात वर्षांची होती. मुलगी नूपुर कॉलेजात असताना तिने ती उचलून आणलेली. रंग खरपूस तळलेल्या गोड साटोरीसारखा, म्हणून हे नाव. गेल्या वर्षी नूपुर नोकरीसाठी पुण्याला गेली आणि दादरच्या तिसऱ्या मजल्यावर दिघे, मृणालिनीबाई आणि दाराकडे तोंड करून पंजा चाटणारी साटोरी, एवढीच माणसं उरली. साटोरीला ते दोघं माणसांतच धरत.

नूपुरने पुण्याहून एक नंबर पाठवला. सीमा नावाची एक बाई शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून वडाळ्याला, मिठागराच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये बेवारशी कुत्री सांभाळत होती. एका शनिवारी सकाळी दिघे पतीपत्नी साटोरीला टॅक्सीत घालून तिकडे गेले.

सीमाने आधी पिल्लू आणून दाखवलं. आठ आठवड्यांचं, तपकिरी, पोट टम्म फुगलेलं. दिघ्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं तर ते सरळ त्यांच्या सदऱ्याच्या बटणांमधून तोंड आत घालून झोपूनच गेलं. दिघे हलायला तयार होईनात. दुधाचा, भुशाचा, थोडा मुताचा असा तो वास. हा वास आपल्याला पाठ आहे, असं त्यांच्या मनात आलं.

"आणि दुसरा हा," सीमा म्हणाली. "अकरा महिन्यांचा आहे. आईला सहा पिल्लं झाली, हा एकटा जगला. म्हणून मी नाव ठेवलं धोंडू."

मृणालिनीबाई हसल्या. "आमच्या आत्तेच्या घरी होता एक धोंडू. चार मुलं गेल्यावर झालेला."

हा धोंडू काळा होता, लांब पायांचा, एक कान मोडलेला. तो त्यांच्याकडे आला, त्यांचे हात हुंगले आणि परत फाटकाशी जाऊन उभा राहिला. बाहेर एक टॅक्सी थांबली. तिचं दार उघडेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. सीमाकडे काम करणारी बाई उतरली, तशी त्याने मान फिरवली.

"दोनदा घर मिळालं त्याला," सीमा म्हणाली. "पहिल्या घरात बाळ झालं. दुसरे दुबईला गेले. ह्याचा काही दोष नाही काका. गाडी थांबली की बघतो, एवढंच."

साटोरीला दोघांजवळ सोडून पाहिलं. पिल्लाने आल्या आल्या तिची शेपूट धरली, मग कान धरला. साटोरी गुरगुरली आणि बाकाखाली जाऊन बसली. धोंडूला तिने हुंगलं, त्याने तिला हुंगलं, आणि दोघं दोन दिशांना तोंड करून उभी राहिली.

"पिल्लू घेतलंत तर पहिले दोन-अडीच महिने सगळे डोस होईपर्यंत खाली नेता येणार नाही," सीमाने सांगितलं. "दर दोन तासांनी पुसायला लागेल. साटोरी सात वर्षांची आहे, तिला थोडा जाच होणारच. धोंडूचं सगळं झालंय, ऑपरेशनसुद्धा. पण तो लगेच लाडात येणारा नाही. घाई करू नका, आठ दिवस घ्या."

परतताना टॅक्सीतच वाद सुरू झाला.

"मोठा घेऊ या," मृणालिनीबाई म्हणाल्या. "माझे गुडघे काय, तुमची कंबर काय. फरशी पुसायला वाकणार कोण?"

"मी वाकेन."

"साटोरीच्या वेळी नूपुर होती घरात, विसरलात?"

"तो मोठा आपला होणार नाही, मृणाल. त्या वयाचं कुत्रं दुसऱ्याचं होत नाही. जन्मभर दाराकडे बघत बसेल."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

दिघे ड्रायव्हरला रस्ता सांगायला लागले. चार दिवस हा वाद असाच चालला. पोळ्या करताना, औषधं घेताना, नूपुरशी फोनवर बोलताना. पाचव्या दिवशी दुपारच्या चहाला मृणालिनीबाईंनी कप खाली ठेवला.

"पिल्लू आवडलं म्हणून घ्यायचं असेल तर घेऊ. मी काही म्हणणार नाही. पण त्या काळ्याबद्दल बोलताना तुमचा आवाज बदलतो. काय आहे ते सांगा."

चाळीस वर्षांच्या संसारात जे सांगितलं नव्हतं, ते दिघ्यांनी त्या दिवशी सांगितलं.

दिघ्यांचं लहानपण लालबागला गेलं. वडील एका गिरणीत टाइमकीपर. वसंत अकरा वर्षांचा असताना एका संध्याकाळी ते डबा आणायच्या पिशवीतून पिल्लू घेऊन आले. गिरणीच्या आवारात कापसाच्या गाठीमागे सापडलेलं, अंगाला सगळा कापूस चिकटलेला. सुताच्या रिळासारखा दिसला, म्हणून त्याचं नाव पडलं बॉबिन. डोळे धड उघडले नव्हते. वसंत आणि शेजारच्या खोलीतला लहू यांनी त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं. एक दूध पिळायचा, एक तोंड धरायचा. रात्री वसंताच्या उशाशी आणि दिवसा लहूच्या आईच्या चुलीपाशी, अशी बॉबिनची दोन घरं होती. गिरणीचा भोंगा झाला की तो गॅलरीत जाऊन नाक वर करून भोंग्याबरोबर रडायचा. एका गिरणीचा थांबला की दुसरीचा सुरू व्हायचा, आणि हा दम न घेता सगळ्यांना साथ द्यायचा. खालची माणसं वर बघून हसायची. शाळेतून येताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्याची नखं वाजली की वसंताला घरी आल्यासारखं वाटायचं.

दोन वर्षांनी वडिलांना दादरला सोसायटीत जागा मिळाली. हीच जागा. नियमांच्या कागदावर तेव्हा लिहिलेलं होतं, कुत्री पाळण्यास मनाई. बॉबिन लहूकडे राहिला.

"तीन आठवड्यांनी मी त्याला भेटायला गेलो," दिघे म्हणाले. "एकटाच, चालत. दिवसभर खेळलो. परत निघालो तर हा मागे. परळपर्यंत मला कळलंच नाही. हिंदमाता सिनेमापाशी वळून बघितलं तर हा उभा. जा म्हटलं, गेला नाही. ओरडलो, तर शेपूट हलवायला लागला. रस्ता केवढा, बसेस केवढ्या... मग मी दगड उचलला, मृणाल."

मृणालिनीबाईंनी कप बाजूला सरकवला.

"लागला नाही त्याला. बाजूला पडला. पण तो थांबला. मी पळत सुटलो, मागे बघितलं नाही. घरी गेला की गाडीखाली गेला, मला माहीत नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. लहूकडेही परत गेलो नाही मी."

"म्हणून दर मे महिन्यात मी मसाला करायला लालबागला निघाले की तुमचं डोकं दुखतं."

दिघ्यांनी रिकामा कप उचलून पुन्हा खाली ठेवला.

"चौपन्न वर्षं झाली त्याला," त्या उठत म्हणाल्या. "उद्या जाऊन विचारा."

"कोणाला विचारू? कोण राहिलं असेल तिथे?"

"ते तिथे गेल्यावर कळेल. मी येते बरोबर."

लालबागची चाळ अजून उभी होती, निम्म्या खोल्यांना कुलपं होती, आणि पुनर्विकासाची पाटी लागली होती. खालच्या पानवाल्याला लहू म्हटल्याबरोबर त्याने हात केला. "मसाला गल्लीत. मुलाचं कांडप आहे, तिथे बसतो."

कांडपाच्या आवाजात आणि मिरचीच्या खाटात एक टक्कल पडलेला म्हातारा नाकाला रुमाल बांधून स्टुलावर बसला होता. दिघे समोर जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्याने रुमाल खाली केला, डोळे बारीक केले.

"वश्या?"

दिघ्यांनी मान हलवली. त्यांना शिंका यायला लागल्या. एकापाठोपाठ आठ-दहा. लहूने त्यांना हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी आणलं, चहा मागवला, मृणालिनीबाईंना नमस्कार केला. मुलं काय करतात, पेन्शन आहे का, मधुमेह आहे का, सगळं विचारून झालं. शेवटी मृणालिनीबाईंनीच नवऱ्याच्या कोपराला हात लावला.

"लहू," दिघे म्हणाले, "बॉबिन त्या दिवशी घरी आला होता का रे?"

"कुठल्या दिवशी?"

दिघ्यांनी सांगितलं. दगडाचंही सांगितलं.

लहू हसायला लागला. "आला की! तासाभरात आला. आणि आल्या आल्या काय केल्यान, माहिताय? आयेने बांगडे साफ करून ठेवलेले, त्यातली दोन डोकी पळवल्यान. आयेने लाटणं घेऊन अख्खी गॅलरी पळवला त्याला. तुझा दगड कसला घेऊन बसलायस!"

"मग?"

"मग काय? राहिला. आमच्या बाबांची पाळी सुटायच्या टायमाला गिरणीच्या गेटवर जाऊन बसायचा. संपाच्या पुढच्या वर्षी गेला. म्हातारा होऊन गेला, आयेच्या पायाशी."

दिघ्यांनी हिशेब केला. चौदा वर्षं. त्यांतली दोनच त्यांच्या वाट्याची होती.

"माझी वाट बघायचा का?"

लहूने चहाचा ग्लास फिरवला. "खोटं कशाला बोलू? आठ-दहा दिवस जिन्यात बसायचा. खाल्लं नाय धड. मग उठला आणि आमचा झाला. तुला विसरला तो, वश्या. कुत्र्यांचं बरं असतं." त्याने ग्लास खाली ठेवला. "मी नाय विसरलो. दर रविवारी गॅलरीत उभा राहायचो मी. कॅरमची तुझी सोंगटी पण ठेवलेली. तू आलाच नाहीस."

कांडपाचा आवाज मागे चालूच होता. बॉबिनचं काय झालं असेल ह्याची दिघ्यांनी इतकी वर्षं काळजी केली होती. लहूचं काय झालं असेल हा विचार त्यांना कधी शिवलाही नव्हता. त्यांनी लहूच्या हातावर हात ठेवला. हात मसाल्याने लाल झालेला होता.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"चुकलंच," लहू म्हणाला. "चहा पी, गार होतोय."

शनिवारी ते पुन्हा वडाळ्याला गेले. पिल्लू अजून तिथेच होतं. दिघ्यांनी ते पुन्हा उचललं, पुन्हा त्याने सदऱ्यात तोंड घातलं, आणि दिघे बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी पिल्लू सीमाच्या हातात दिलं. "ह्याला आठ दिवसांत कोणीही नेईल," ते म्हणाले. "आम्ही धोंडूला नेतो."

पहिला महिना सोपा गेला नाही. धोंडूने दाराच्या चौकटीचा कोपरा कुरतडला. लिफ्टला घाबरून तो तीन मजले चढायचा आणि मागे दिघ्यांना चढायला लावायचा. साटोरी त्याच्या वाडग्याजवळ कोणालाच जाऊ द्यायची नाही, त्यालाही नाही. एकदा दोघं भांडली आणि दिघ्यांच्या पोटरीला दात लागले. इंजेक्शन घेऊन आल्यावर मृणालिनीबाईच म्हणाल्या, "आपण चूक तर केली नाही ना?" दिघे म्हणाले, "बघू." तोवर पिल्लाचा फोटोही आला होता, परळच्या एका नर्सबाईंच्या घरातला. तो फोटो दिघ्यांनी दोन-तीनदा उघडून पाहिला, हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही.

हळूहळू साटोरीचा पंजा भरला. तिला आता चाटायला वेळच नव्हता. धोंडूवर नजर ठेवण्यात तिचा दिवस जायचा. एका दुपारी दिघे पेपर वाचता वाचता झोपले आणि उठले तेव्हा धोंडू त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून पडला होता. त्यांनी पाय हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी लहू दादरला दिघ्यांकडे आला. चौपन्न वर्षांत पहिल्यांदा. हातात मसाल्याचं पाकीट आणि सुनेने दिलेले वडे. दार उघडल्यावर धोंडू त्याच्यावर पाच मिनिटं भुंकला.

"आवाज चांगलाय," लहू म्हणाला. "कान कोणी मोडला?"

"मोडकाच आला."

वडे खाऊन दोघं दोन कुत्री घेऊन शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर जाऊन बसले. लहू एकेका गिरणीचं नाव घ्यायचा आणि तिथे आता काय उभं आहे ते सांगायचा. दिघे चाळीतल्या एकेका खोलीचं नाव घ्यायचे आणि लहू कोण कुठे गेलं ते सांगायचा. काही नावांना दोघंही अडले. साटोरी कट्ट्याखाली झोपली. धोंडू येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचे पाय हुंगत होता. एकदा रस्त्यापलीकडे कोणीतरी शीळ घातली तेव्हा तो ताठ उभा राहिला, मग परत बसला.

दीड वाजता मृणालिनीबाईंचा फोन आला.

"जेवायला येताय ना? का तिथेच राहताय?"

"येतोय. लहूपण जेवायला थांबतोय."

"अहो, मग आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या, "भात परत लावते."