गोळी आपलीच होती

पितळाला ज्योत लागली की त्याच्या कडेवर आधी गव्हाळ, मग निळसर आणि क्षणभर मोरपंखी अशी एक छटा फिरून जाते. ती छटा उमटण्याची वाट पाहत वाकून बसलेले रामटेकेकाका मला आजही तसेच दिसतात: चष्मा कपाळावर सरकवलेला, चिमटीत काडतुसाची रिकामी पुंगळी, आणि अर्धवट उघडलेल्या गॅरेजच्या दारातून आत आलेलं हेमंतातलं कलतं ऊन त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर विसावलेलं. छटा आली की पुंगळी पाण्यात पडे, चुर्र असा लहानसा आवाज होई, आणि काका दुसरी पुंगळी उचलत. त्या आवाजाला घाई नव्हती. त्यांच्या कशालाच नव्हती.

भंडाऱ्याकडच्या जंगलकाठच्या एका गावातून निघून, नागपूरला धातुशास्त्र शिकून, ते ऐन तारुण्यात अमेरिकेत आले होते आणि मॉरिसव्हिलजवळच्या एका कंपनीत कृत्रिम सांध्यांचे धातू तपासण्याचं काम करत होते. मी दोन हजार तीन साली पुण्याहून पीएच.डी.साठी तिथे गेले, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला ते एक पुंगळी घेऊन आले होते. तिच्या मानेला केसाएवढी चीर होती. मी म्हणाले, धातू जुना झाला असेल. त्यावर त्यांनी समजावलं की धातू म्हातारा होत नसतो, त्याच्या पोटात ताण राहून जातो, आणि बाहेरची हवा बिघडली की तो ताण एखाद्या दिवशी तडकून वर येतो; तो घालवायलाच ते पुंगळ्या ज्योतीवर धरत. घर सोडून आल्यापासून माझ्याशी इतकं सावकाश, इतकं जिव्हाळ्याचं मराठी कुणी बोललं नव्हतं. त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले आणि पुढे जातच राहिले.

काकांना मूलबाळ नव्हतं. आतल्या खोलीत काकू संथ स्वरात बुद्धवंदना म्हणत, आणि गॅरेजमध्ये आम्ही दोघं काडतुसं भरत असू. झाडलेली पुंगळी स्वच्छ करून मापात आणायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, नाजूक तराजूवर तोलून दारू ओतायची आणि वरून तांब्याने मढवलेली गोळी प्रेसच्या दांड्याने अलगद दाबायची. महाराष्ट्र मंडळातली मंडळी गमतीने म्हणत की रामटेक्यांकडे ग्लासात नाही, पण गॅरेजमध्ये दारू असते. त्यांची रायफल पस्तीस कॅलिबरची, मधल्या मापाची. फार लहान गोळी जनावराला छळते आणि फार मोठी माणसाला गर्विष्ठ करते, असं त्यांचं मत होतं. वर्षाला ते एकच हरीण मारत आणि त्याचं मांस हिवाळाभर पुरवून खात. काकूंना शिकार पटत नसे. त्या वाद घालत नसत, पण शिकारीच्या दिवशी जेवत नसत. काका एवढंच म्हणत, की मांस खायचं तर वर्षातून एकदा तरी जीव जाताना पाहण्याची लाज आपण पत्करली पाहिजे.

त्यांच्या या साऱ्या काटेकोरपणामागे एक अस्वल होतं. त्यांचे वडील मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, शिकारीत हाकारे म्हणून जात. डबे वाजवत, ओरडत, जनावर बंदुकीच्या दिशेने हाकत. एकदा एका पाहुण्याने अस्वलावर गोळी झाडली. ती लागली होती, पण नीट नाही. चारचौघांत हसं होईल म्हणून तो म्हणाला, चुकली. आणि हाकारे निर्धास्तपणे त्या झुडपात शिरले. काकांच्या वडिलांचा डावा गाल आणि डोळा त्या दुपारी गेला. ही गोष्ट काकांनी मला तराजूवरून नजर न काढता, कुणा परक्याची असावी तशी सांगितली आणि शेवटी म्हणाले, "नेम चुकतो, पोरी. माझाही चुकतो. पण गोळी सुटली की काय झालं ते खरं सांगायचं. बाकी सगळं शिकवता येतं."

पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मी लायसन्स काढलं होतं, सुरक्षिततेचा कोर्स केला होता, आणि कागदी लक्ष्यावरच्या माझ्या गोळ्या मुठीएवढ्या जागेत पडू लागल्या होत्या. काकांनी त्या वर्षी स्वतः शिकार न करता रायफल माझ्या हाती दिली. उत्तरेला दीड तासावर, त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान होतं. तंबाखूची उजाड शेतं, मध्ये ओढा, पलीकडे ओकची झाडं. शनिवारी सकाळी त्यांनी मला एका आडव्या खोडामागे बसवलं. हरीण आडवं उभं असेल तरच गोळी झाडायची, पाठमोरं असेल तर जाऊ द्यायचं, हे पुन्हा एकदा बजावलं आणि ते ओढ्याच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर जाऊन बसले. धुक्यातून त्यांचं नारिंगी जाकीट तेवढं दिसत होतं.

ऊन वर आलं तेव्हा तो नर आला. पानांवर पाय ठेवण्याआधी प्रत्येक पाऊल तो हवेत क्षणभर धरून ठेवी, जणू पृथ्वीची परवानगी घेत होता. तो वळला, पाठमोरा झाला आणि झाडीकडे चालू लागला. थांबायला हवं होतं. पण वर्षभराची मेहनत, गारठलेली बोटं आणि आत कुठेतरी जागी झालेली एक हाव, या सगळ्यांनी मिळून चाप ओढला. तो कमरेतून वाकला, अडखळला आणि दिसेनासा झाला. मी धावत गेले. ओकच्या तांबूस पानांवर रक्ताचे दोन थेंब होते, गडद, ओले. ओढ्याकडून काकांची पावलं ऐकू येत होती. मी काय करते आहे हे मला पूर्ण कळत होतं. मी बुटाने भोवतालची पानं त्या थेंबांवर सारली.

"लागली?" काकांनी विचारलं.

"नाही काका. चुकली. माती उडालेली पाहिली मी."

त्यांनी एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांची सवय अशी की ते स्वतः गुडघ्यावर बसून दहा पावलांपर्यंतची जमीन तपासत. त्या दिवशी त्यांनी ती तपासली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की पहिल्या वर्षी असंच होतं. परतताना वाटेत त्यांनी मला गरम कॉफी घेऊन दिली. ती प्यायचं धाडस मला कसं झालं, हे आजही उमगत नाही.

पुढच्या शनिवारी ते एकटेच त्या रानात गेले. संध्याकाळी माझ्या अपार्टमेंटच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता. आत आले नाहीत. ओढ्यापलीकडे गिधाडं घिरट्या घालताना दिसली म्हणून ते ओढा ओलांडून गेले होते, असं त्यांनी सांगितलं. हरणाचं फारसं काही उरलं नव्हतं. मागच्या मांडीच्या हाडात गोळी अडकलेली होती.

"गोळी आपलीच होती," ते म्हणाले. "लगेच नव्हता मेला तो. दोन जागी बसून उठला होता. गवत दबलेलं होतं. त्याच दिवशी गेलो असतो, तर तासाभरात सापडला असता."

त्यांनी मला खोटारडी म्हटलं असतं तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी झालं असतं. पण त्यांनी 'तुझी' म्हटलं नाही, 'आपली' म्हटलं. आणि त्या एका शब्दातल्या औदार्याने तेवढंही माझ्याकडून काढून घेतलं. मी दाराची मूठ धरून उभी राहिले. ते जिना उतरून गेले.

त्यानंतर रायफल बाहेर निघाली नाही. प्रेसवर एक जुनी चादर आली. माझं त्यांच्याकडे जाणं तुटलं नाही. काकू पूर्वीसारख्याच वाढत, काका पूर्वीसारखंच माझ्या प्रबंधाबद्दल विचारत, आणि तो विषय आमच्यामध्ये पाटावर बसलेल्या तिसऱ्या पाहुण्यासारखा न जेवता बसून राही. दोन हजार सहामध्ये मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला नोकरी लागली. तिथून मी दर रविवारी फोन करत असे. काका हवेबद्दल विचारत, कामाबद्दल विचारत आणि मग काही क्षण गप्प होत. त्या गप्प क्षणांत प्रत्येक वेळी मी मनाशी म्हणे, आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी मी म्हणे, "ठेवते मग, काका."

दोन हजार आठच्या वसंतात, एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. मी विमानाने पोचले तेव्हा डॉगवूडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरून आली होती. पाहुणे पांगल्यावर काकू आणि मी स्वयंपाकघरात बसलो. बोलता बोलता त्या म्हणाल्या की काकांच्या हातून एकदा एक हरीण जखमी होऊन सुटलं, ते तळमळून मेलं, आणि तेव्हापासून त्यांनी शिकार सोडली. "मला आवडत नव्हतीच, पण इतक्या दुःखाने सुटायला नको होती."

म्हणजे काकांनी ते स्वतःवर घेतलं होतं, घरातसुद्धा.

"काकू, ती गोळी माझी होती," मी म्हणाले. "मी त्यांच्याशी खोटं बोलले. रक्त पानांनी झाकलं."

काकूंनी विचारलं, मी हे काकांना कधी सांगितलं का. मी मान हलवली, नाही. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या आणि रागाने नव्हे, जणू त्यांना स्वतःलाच काही उलगडत असावं अशा आवाजात म्हणाल्या, "तरीच. रविवारी फोन वाजला की मला उचलू देत नव्हते. आणि तू ठेवल्यावरही थोडा वेळ कानाशी तसाच धरून बसायचे."

अंधारून येण्याआधी त्यांनी मला जेवायला वाढलं, आणि मी जेवले.

क्षमेलाही समोर कुणीतरी बसलेलं असावं लागतं. ते माणूस उठून गेलं की काळ पुढे जातो, आपण पुढे जातो, फक्त आठवण तेवढी त्याच जागी राहते. आणि तिच्यात काका अजूनही फोन उचलतात, हवेबद्दल विचारतात, आणि थांबतात.