शेवट न पाहिलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतून बाद झालेला, पण अजून कामावर असलेला!

लोहाऱ्याजवळच्या एका शाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. दर शनिवारी पोरं कोळसा आणि पाल्याचा रस घासून मला काळाकुळकुळीत करायची. काय थाट होता माझा! मग शाळेत चकचकीत पडदा आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून बब्रुवानने मला उचललं आणि बसस्टँडसमोरच्या त्याच्या चहाच्या हॉटेलाबाहेर टांगलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

तिथं मला रामहरीमामा भेटले. एसटीतले निवृत्त कंडक्टर आणि सिनेमाचे भारी वेडे. दर शुक्रवारी ते उमरग्याला जाऊन तीनचा खेळ बघायचे आणि शनिवारी माझ्यावर परीक्षण लिहायचे. लोक चहा पिता पिता वाचायचे आणि त्यावर भरवसा ठेवायचे. मामांचं एक गुपित मात्र फक्त मला ठाऊक होतं. साडेपाचची शेवटची बस चुकायला नको म्हणून मामा सिनेमा संपायच्या आधीच उठायचे. जन्मभर गाड्या वेळेवर सोडलेला माणूस तो! शेवटच्या ओळीशी त्यांचा खडू जरा अडायचा आणि मग ठरलेलं लिहायचा : ‘शेवट गोड.’

मागच्या आठवड्यात मामा गुरुवारीही उमरग्याला जाऊन आले, म्हणून शनिवारी त्यांनी दोन सिनेमांवर लिहिलं. एक लग्न जुळवताना उडणाऱ्या गोंधळाचा, हलकाफुलका. ‘डोक्याला ताप नाही. पोट दुखेस्तोवर हसलो. शेवट गोड.’ दुसरा एका गायिकेच्या आयुष्यावरचा. ‘गाणी काळजाला भिडतात. तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं तिथं जीव कासावीस होतो. शेवट गोड.’

सोमवारी दैवशालाबाई लेकीला, ज्ञानेश्वरीला, घेऊन हॉटेलवर आल्या. बाई म्हणजे हळदीच्या गाण्यांचा गळा. त्यांच्याशिवाय गावात हळद लागायची नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या गळ्यातली गाठ काढली आणि आवाज पार घोगरा झाला. तेव्हापासून त्यांनी गाणं सोडलं होतं. माझ्यावरचं वाचूनच लेकीने त्यांना रविवारी तो गायिकेचा सिनेमा दाखवला होता.

“मामा,” बाई खरखरत्या आवाजात म्हणाल्या, “ती दवाखान्यातून घरी आली आन् आमी गाडीसाठी उठलो. तिचा आवाज परत आला का वो?”

तिथंच चहा घेत बसलेले मामा म्हणाले, “म्या बी तिथंच उठलो व्हतो, बाई.”

“मग गोड कशावरून लिहिलंव?” ज्ञानेश्वरी ताडकन म्हणाली.

“सिनेमाच हाय म्हनलं, येतच असल.”

बाई पदराने गळा झाकून घेत निघून गेल्या. मित्रांनो, मला इतकी लाज वाटली! खोटं त्यांनी लिहिलं खरं, पण मिरवलं मीच होतं.

मामा त्याच दुपारी पुन्हा उमरग्याला गेले. साडेपाचची गाडी आली आणि गेली, मामा काही आले नाहीत. बब्रुवान म्हणाला, “आक्रीतच झालं! मामाची गाडी चुकली!”

मंगळवारी पहिल्या बसने मामा उतरले. पाहुण्यांकडे मुक्काम केला होता, पण डोळे रडून सुजलेले होते. ओल्या फडक्याने त्यांनी मला पुसलं आणि सावकाश लिहिलं : ‘शेवट गोड नाही. तिचा आवाज परत येत नाही. आहे त्या घोगऱ्या आवाजात ती गाते. मी शेवटपर्यंत बसलो. जागचा उठलो नाही.’ खाली बारीक अक्षरांत लिहिलं : ‘लग्नाच्या सिनेमाचाही शेवट पाहिलेला नाही. पाहून कळवतो.’

ज्ञानेश्वरीने आईला हाताला धरून आणलं. बाईंनी दोनदा वाचलं. बाकावर टेकल्या, घसा खाकरला आणि हळदीचं गाणं म्हणायला लागल्या. आवाज फाटत होता, मधेच थांबत होता. तो नीट ऐकू यावा म्हणून बब्रुवानने उकळता चहा तसाच ठेवून गॅस बंद केला.

तर मित्रांनो, मला कधीमधी कोळसा घासा, ओल्या फडक्याने पुसा, एवढीच माझी हौस. आणि हो, शेवट माहीत नसेल तर माझ्यावर तेवढी जागा कोरी सोडा. कुणीतरी तेवढी एकच ओळ वाचायला आलेलं असतं.