जखम नाही, शून्य गुण

रकानेसाहेब पहिल्यांदा आले त्या दिवशी मी शुद्ध मूर्खपणा केला. घर झाडून-पुसून लख्ख केलं, बाबांची दाढी केली, नखं कापली, पलंगावर नवी चादर घातली. परका माणूस घरात यायचा म्हटलं की आमच्या घराण्यात सगळ्यांच्याच अंगात येतं. मला मदतनीस द्यायचा की नाही हे ठरवायला सरकार माणूस पाठवत होतं, आणि मी कंबर कसून त्याला दाखवत होते की मदतनिसाची इथे काहीच गरज नाही.

त्यांनी त्यांचं खरं नाव सांगितलं होतं, मी ते मुद्दाम विसरले. खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून त्यांनी गुडघ्यावर फॉर्म ठेवला आणि बाबांकडे न बघताच विचारायला सुरुवात केली.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. राहिले फक्त तीन शब्द: 'सावधान', 'विश्राम' आणि 'एक-दोन'. चाळीस वर्षं मैदानावर ओरडून ते इतके खोल रुतले असावेत की झटक्यालाही उपटता आले नाहीत. दर दोन तासांनी मी त्यांची कूस बदलते तेव्हा ते 'एक-दोन' म्हणतात, आणि पाठीमागची उशी नीट बसली की 'विश्राम'.

मी स्वतः गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. माझं टेबल त्यांनी महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलं होतं. दिवसाचे आठ तास कुणी मदतीला मिळालं तर मी कामावर परतणार होते. नाही मिळालं, तर माझ्या टेबलावर दुसरं कुणीतरी उभं राहणार होतं.

"पाठीला जखम?" रकानेसाहेबांनी विचारलं.

"एकही नाही!" मी बाबांना वळवून त्यांची पाठ उघडी करून दाखवली, अगदी शाळेतलं बक्षीस दाखवावं तशी. "आठ महिने झाले. साधा लाल डाग सापडायचा नाही तुम्हाला."

"वा, छान," ते म्हणाले आणि त्यांनी शून्य लिहिलं.

"शून्य कशाला?"

"जखमेला वीस गुण असतात. जखम नाही, म्हणजे शून्य."

"अहो, मी वळवते म्हणून जखम नाही!"

"असेल ना. पण वळवण्याला रकाना नाहीये, ताई. आणि तुम्ही तर काय, घरीच असता."

घरीच असता! जणू मी दिवसभर खिडकीत बसून केस विंचरते. यांच्या कचेरीसमोर एक कारंजं आहे. त्याला पाणी सोडायला एक माणूस, शेवाळ खरवडायला दुसरा, आणि या दोघांवर लक्ष ठेवायला तिसरा. तिघेही पगारी, तिघांनाही रजा मिळते. कारंज्याची लेक येऊन ते फुकटात घासेल, असं कुणी म्हणत नाही. माझ्या बापाच्या वेळी मात्र सरकारला एकदम मुलीची माया आठवते.

साठ गुण लागत होते, बाबांना अठ्ठेचाळीस पडले. मी फेरतपासणीचा अर्ज केला. गुरुवार मिळाला.

सोमवारी शेजारच्या नर्सबाई आल्या. तीस वर्षं हॉस्पिटलात अशाच जखमा धुऊन निवृत्त झालेली बाई. बाबांच्या खोलीच्या दारात उभं राहून, जमिनीकडे बघत त्या म्हणाल्या, "दोन दिवस वळवू नकोस त्यांना. वरवरची जखम होईल, नंतर मी भरून आणीन. सगळे हेच करतात गं."

त्यांना लाज वाटत होती. लाज ज्यांना वाटायला हवी ते मात्र कचेरीत बसून रकाने आखत होते.

मंगळवारी बारा वाजता बाबांना वळवायची वेळ झाली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. काही झाकून ठेवत नाही, मी माझ्या बापाची कातडी फाटायची वाट बघत बसले होते. साडेतीनला मला ते सहन होईना. आत जाऊन त्यांच्या कमरेखाली हात घातला. माकडहाडाशी गरम, ओलसर लागलं. ओणवी होऊन पाहिलं, तर लाल चट्टा. बोट दाबलं तरी फिका पडेना.

मी त्यांच्या खांद्याला आणि कमरेला हात लावला. "चला बाबा. एक-दोन."

त्यांचं शरीर हलेना. पाहते तर डाव्या, चांगल्या हाताने त्यांनी पलंगाचा कठडा घट्ट धरून ठेवला होता. नजर छताला लावलेली.

"सावधान," ते म्हणाले.

नर्सबाईंचं बोलणं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं.

मला भडभडून आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. पोराने जरा खांदा पाडला तर ज्याचा आवाज अख्ख्या मैदानावर घुमायचा, तो माणूस लेकीची नोकरी राहावी म्हणून निमूट पडून सडायला तयार झाला होता. मी त्यांचं एकेक बोट कठड्यावरून सोडवलं. ते पुन्हा धरत होते, मी पुन्हा सोडवत होते. शेवटी मी जिंकले आणि त्यांना कुशीवर केलं. त्या दिवशी ते 'विश्राम' म्हणाले नाहीत.

गुरुवारपर्यंत चट्टा मावळला. रकानेसाहेब आले, त्याच खुर्चीवर बसले.

"जखम?"

"नाही."

"मग मी तरी काय करू, ताई?"

"वळवा त्यांना."

"अं?"

"तुमच्या हातांनी वळवा. रकाना नाही म्हणता ना, मग निदान काम काय असतं ते तरी बघा." मी हाताची घडी घालून भिंतीला टेकले.

खोटं कशाला बोलू, माणसाने फॉर्म बाजूला ठेवला. मग बाबांचा लुळा हात धरून ओढायला लागला.

"खांद्याला धरा! हात उखडाल."

खांदा वळला तर पाय मागे राहिला. पाय घेतला तर डायपरची पट्टी सुटली आणि साहेबांची बाही कोपरापर्यंत भिजली. बाबांना चेव आला. "एक-दोन! एक-दोन!" ते असे गरजले की रस्त्यावरून जाणाऱ्याने पाय जुळवले असते. चौथ्या खेपेला बाबा अर्धेमुर्धे वळले. साहेब धपापत खुर्चीत बसले, कपाळ पुसलं, आणि शेऱ्याच्या जागी बराच वेळ लिहीत राहिले. मी दुसऱ्यांदा मूर्खपणा केला. आशा धरली.

महिनाअखेरीला पत्र आलं. ते मी बाबांना वाचून दाखवलं.

"रुग्णास हाताळण्यासाठी विशेष कौशल्य लागते, हे प्रत्यक्ष पाहिले. सदर कौशल्य रुग्णाच्या कन्येकडे उत्तम प्रकारे आहे. सबब बाहेरील मदतनिसाची आवश्यकता नाही."

कारखान्यात फोन केला आणि टेबल देऊन टाका म्हणून सांगितलं. बाबा माझ्याकडे बघत होते. ओठ हलत होते, पण त्यांच्याकडे राहिलेल्या तीन शब्दांत एकही शिवी नव्हती. म्हणून मीच दिली, चांगली सणसणीत, दोघांच्या वतीने. मग घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. मी त्यांची कूस बदलली.